तिने उत्तर देणं सोडलं त्याची गोष्ट

मुलगी बघायला आम्ही धुळ्याला गेलो तेव्हा माझ्यासोबत आई, मोठा भाऊ आणि एक लांबचे मामा होते. पंच्याऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. मी जळगावात एका सरकारी कचेरीत नुकताच कारकून म्हणून लागलो होतो. भाऊ वरणगावच्या कारखान्यात सुपरवायझर होता. वडील लवकर गेल्यामुळे घरात शेवटचा शब्द त्याचाच असे. आम्ही सगळे त्याला भाऊच म्हणायचो, अगदी आईसुद्धा.

मुलीचे वडील एसटीत कंडक्टर होते. दोन खोल्यांचं घर, दारात सायकल, भिंतीवर बुद्धाची तसबीर. पोहे झाले, चहा झाला, मुलगी येऊन समोरच्या खुर्चीवर बसली. नाव, शिक्षण, स्वयंपाक वगैरे विचारून झाल्यावर मामा म्हणाले, "जरा चालून दाखव, बेटा."

तेव्हा असं सांगायची पद्धतच होती. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे, मलाही वाटलं नाही. ती उठली, भिंतीपर्यंत गेली, परत आली आणि बसायच्या आधी मामांना म्हणाली, "माझं झालं. आता यांनाही चालून दाखवायला सांगा ना. आल्यापासून बसलेलेच आहेत."

मग तिचे वडील खो खो हसत सुटले. आईने पदर तोंडाला लावला, पण तिचे खांदे हलत होते. माझ्याकडे सगळे बघायला लागले तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही. मी उठलो, दारापर्यंत जाऊन परत आलो. ती मान खाली घालून म्हणाली, "चाल बरी आहे."

मी तिथेच हो म्हणून टाकलं होतं, मनातल्या मनात.

भाऊ हसला नव्हता. परतीच्या बसमध्ये तो माझ्या शेजारी बसला. पारोळ्याच्या स्टँडवर गाडी थांबली तेव्हा मला म्हणाला, "पोरगी हुशार आहे. पण बोलायला फटकळ आहे. झेपेल का तुला?"

"झेपेल," मी म्हणालो.

मला ती का आवडली हे मला नीट ठाऊक होतं. मी बोलण्यात मंद माणूस. कुणी काही टोचून बोललं की माझं डोकं रिकामं होतं. त्याला काय म्हणायला हवं होतं ते मला दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना सुचतं, कधी कधी तर आठ दिवसांनी. शाळेत, कॉलेजात, कचेरीत, सगळीकडे माझी हीच गत. आणि इथे ही एकोणीस-वीस वर्षांची पोरगी, पाहुण्यांसमोर, स्वतःच्या लग्नाच्या बैठकीत, पापणी लवायच्या आत उत्तर देऊन मोकळी होत होती.

लग्न झालं. जळगावात भाड्याच्या घरात मी, आई आणि ती. पहिलं वर्ष मला अजून दिवसांच्या हिशोबाने आठवतं. संध्याकाळी मी कचेरीतून आलो की ती विचारायची, "आज कोण काय बोललं?" मी सांगायचो. मग ती भाकरी थापता थापता म्हणायची, "तुम्ही असं म्हणायचं होतं."

एकदा आमचे हेडक्लार्क सगळ्यांसमोर मला म्हणाले, "काय हो, तुमच्या फायली झोपा काढतात का?" मी नेहमीसारखा गप्प. घरी येऊन सांगितलं. ती म्हणाली, "म्हणायचं होतं, हो साहेब, दोन महिने तुमच्या टेबलावर होत्या ना, तिथं सवय लागली त्यांना."

मला ते इतकं आवडलं की दुसऱ्या दिवशी मी सरळ हेडक्लार्कच्या टेबलापाशी गेलो आणि म्हणून टाकलं. ते कालचं सगळं विसरले होते. "कुठल्या फायली?" त्यांनी विचारलं. मग मला फायलींचे नंबर सांगावे लागले, आणि शेवटी एक लेखी खुलासाही द्यावा लागला. घरी येऊन हे सांगितलं तर ती हसून हसून खाली बसली. "अहो, शिळा जबाब कुणी वाढतं का?"

पण एक जबाब मात्र कामाला आला. कचेरीत एक सहकारी होता, तो मला येता-जाता 'सरकारचे जावई' म्हणायचा. आम्हा राखीव जागेवरच्यांना तसं म्हणायची तेव्हा रीतच होती. म्हणणारा हसायचा, आजूबाजूचे हसायचे आणि आम्हीही ओठ ताणायचो. तिला हे कळलं तेव्हा ती हसली नाही. तवा खाली उतरवून म्हणाली, "आता म्हणाला की सांगा, मग जावयाला उभं काय ठेवता, खुर्ची द्या की."

हे शिळं व्हायची भीती नव्हती, कारण तो रोजच म्हणायचा. मी घरी चार वेळा घोकून गेलो. तो म्हणाला, मी म्हणालो. कचेरी हसली, पण या वेळी त्याच्याकडे बघून. शिपायाने खरंच एक खुर्ची ओढून माझ्यासमोर ठेवली. त्यानंतर त्या माणसाने मला पुन्हा तसं म्हटलं नाही. त्या दिवशी घरी जाताना मी तिच्यासाठी कुंदाची वेणी नेली.

तिचे वडील आमच्याकडे यायचे तेव्हा त्या दोघांचं बोलणं ऐकण्यासारखं असे. दोघं अहिराणीत बोलायचे. धुळे-साक्री मार्गावर त्यांनी हजारो माणसांची तोंडं सांभाळली होती. मी त्यांना एकदा विचारलं, "आबा, एवढं पटकन सुचतं कसं?" ते म्हणाले, "सुचत नाही हो. ऐकावं लागतं. समोरचा काय बोलतो ते नीट ऐकलं की उत्तर त्यातच असतं. आणि एक बघायचं. समोरच्याला हसू आलं पाहिजे. लागलं तर ते उत्तर नाही, ते भांडण."

भाऊ दर रविवारी वरणगावहून यायचा. त्याच्यासमोर ती अहिराणीत बोलली की त्याच्या कपाळावर आठी पडायची. आमच्या घरची बोली वेगळी, वरणगाव-भुसावळकडची, पण भावाने तीही घरातून कधीच हद्दपार केली होती. तो छापील पुस्तकासारखं मराठी बोलायचा. एक शब्द इकडचा तिकडे नाही. मोठ्याने हसताना मी त्याला पाहिल्याचं आठवत नाही. पण माणूस वाईट नव्हता. माझी शाळेची पुस्तकं त्याने स्वतः कव्हर घालून दिली होती. मी मॅट्रिक झालो तेव्हा गावभर पेढे वाटले होते.

त्याची मुलगी अकरावीत होती. हुशार, चष्मा लावणारी, थोडी बुजरी. सुट्टी लागली की ती आमच्याकडे यायची आणि काकूच्या मागे मागे फिरायची. काकूसारखं उत्तर द्यायचा प्रयत्न करायची. नेहमी थोडं चुकायचं आणि मग दोघी त्यावरच हसायच्या. त्या वर्षी ती आली ती गप्पच होती. तिचं लग्न ठरवलं होतं, अमळनेरचा मुलगा, नोकरी असलेला. उन्हाळ्यात बार उडवायचा होता. परीक्षा द्यायची की नाही हेसुद्धा कुणी तिला सांगितलं नव्हतं.

ती दुसऱ्या खोलीत झोपली होती तेव्हा बायको मला म्हणाली, "भाऊंशी बोला तुम्ही. तुमचं ऐकतील."

"बघतो," मी म्हणालो.

आठ दिवसांनी तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हणालो. खरं सांगायचं तर मी त्यानंतर एकदा वरणगावला जाऊनही आलो, भावाच्या शेजारी बसून जेवलो आणि एक अक्षर न बोलता परत आलो. घरी आल्यावर सांगितलं, "विषय निघाला नाही."

एप्रिलमध्ये आमच्या वस्तीत जयंतीचा कार्यक्रम होता. बोलायला भावाला बोलावलं होतं. तो फार चांगलं बोलायचा, हे मान्य केलं पाहिजे. त्या दिवशीचा विषय होता स्त्रियांचं शिक्षण. घरातली एक मुलगी शिकली की पुढच्या पिढीला कुणाचे पाय धरावे लागत नाहीत, असं तो म्हणाला, आणि पुढे बसलेल्या बायकांचे डोळे भरून आले. मीही टाळ्या वाजवल्या.

कार्यक्रम झाल्यावर पाच-सहा जण आमच्याकडे चहाला आले. त्यात प्रमुख पाहुणे म्हणून आलेले एक प्राध्यापक होते. सगळे भाषणाचं कौतुक करत होते. भाऊ मान किंचित झुकवून ऐकत होता. ती ट्रे घेऊन आली, एकेकाला कप दिला, शेवटी भावाला दिला आणि अहिराणीत म्हणाली, "भाऊ, भाषन भारी व्हयनं. पुढला टाइमले आपली पोरले बी लई या. तिनी अजून ऐकेल नही शे." म्हणजे, पुढच्या वेळी आपल्या पोरीलाही घेऊन या, तिने हे अजून ऐकलेलं नाही.

प्राध्यापक मोठ्याने हसले. त्यांना वाटलं, घरातली थट्टा आहे. त्यांच्यामागे बाकीचेही हसले. एक जण तर म्हणाला, "वा, वहिनी!" मी भावाकडे पाहिलं. त्याचा चेहरा काळाठिक्कर पडला होता. त्याने भरलेला कप खाली फरशीवर ठेवला, पायात चपला घातल्या आणि पाहुण्यांना "येतो" म्हणून तो निघून गेला. मी स्टँडपर्यंत त्याच्यामागे धावलो. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

पुढच्या रविवारी तो आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आईने संध्याकाळचं जेवण सोडलं. ती बायकोला काही बोलायची नाही, फक्त मला म्हणायची, "माझं घर फुटलं." तिसरा रविवार रिकामा गेला तेव्हा मी ठरवलं. सोमवारी रजा टाकली आणि बायकोला म्हणालो, "चल, वरणगावला जायचंय. तू भाऊची माफी मागायची."

तिने वाद घातला नाही. साडी बदलून आली. भुसावळच्या स्टँडवर आम्ही पुढच्या गाडीची वाट बघत उभे होतो. उन्हाने जीव नकोसा झाला होता. मी तीन आठवडे मनात साठवलेलं सगळं तिथे ओकलो. म्हणालो, माझा भाऊ मला बापाच्या जागी आहे. तुझ्या जिभेपायी मी त्याला गमावणार नाही. आजपासून माझ्या घरात उलट बोलायचं नाही.

तिने विचारलं, "उलट बोलायचं नाही, का बोलायचंच नाही?"

मला ते तिचं नेहमीचं वाटलं. आताही हिला सुचतंच, या विचाराने मी भडकलो. "दोन्ही," मी म्हणालो.

"बरं," ती म्हणाली.

वरणगावला तिने भावाच्या पाया पडून सांगितलं, "चुकलं माझं, भाऊ." आवाजात काहीही नव्हतं, ना राग, ना रडू. भावाने वहिनीला चहा टाकायला सांगितलं. स्वयंपाकघराच्या दारात पुतणी उभी होती. ती काकूकडे बघत होती आणि काकू जमिनीकडे. मे महिन्यात पुतणीचं लग्न झालं. पंगतीत वाढायला मीच पुढे होतो.

आधी मला काही कळलं नाही, उलट बरंच वाटलं. घरात शांतता आली. आई जेवायला लागली, भाऊ रविवारी यायला लागला. नातेवाईक म्हणायचे, सूनबाई निवळल्या. ती सगळं करायची, सगळ्यांशी नीट वागायची. "साखर संपलीय." "पाणी तापलंय." "आईंना डॉक्टरकडे न्यायचंय." एवढंच. भांडण नाही, अबोला नाही. अबोल्याला निदान शेवट असतो, कुणीतरी तो सोडतं. इथे सोडायला काही नव्हतंच.

संध्याकाळी मी कचेरीतल्या गोष्टी सांगायचो. ती ऐकायची. "हं," म्हणायची. मी मुद्दाम अशा गोष्टी सांगायला लागलो की त्यावर तिला काहीतरी सुचलंच पाहिजे. हेडक्लार्क छत्री समजून दुसऱ्याची काठी घेऊन गेले, असलं काहीतरी. ती म्हणायची, "अस्सं." मी थोडा वेळ तिच्या तोंडाकडे बघत बसायचो. ती पीठ मळत असायची. एक-दोनदा तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं असं मला वाटलं, पण मग ती उठून डबा फडताळात ठेवायला गेली.

मग आम्हाला मुलगी झाली. मग आई गेली. कचेरीत माझी बढती झाली आणि मला टोचणारी माणसंही बदलली. मी पुन्हा गप्प बसायला लागलो होतो, कारण घरी तयार करून देणारं कुणी नव्हतं. अशी नऊ वर्षं गेली. वर्षं मोजायला मी नंतर बसलो. तेव्हा ती नुसती जात होती.

एकदा सासऱ्यांचा पाय मोडला म्हणून ती मुलीला घेऊन धुळ्याला गेली होती. दोन आठवड्यांनी मला कचेरीच्या कामाने धुळ्याला जावं लागलं. काम दुपारीच आटोपलं. न कळवताच मी सासुरवाडीला गेलो. गल्लीत शिरलो तर त्यांच्या घरातून हसण्याचा आवाज येत होता. बायकाच बायका. आजारी माणसाला बघायला शेजारपाजारच्या आल्या असाव्यात. खिडकी उघडी होती. मी दाराकडे वळणार एवढ्यात तिचा आवाज ऐकला.

मी नऊ वर्षं तो आवाज ऐकला नव्हता. रोज ऐकत होतो, पण हा नाही. हा चढा, वेगवान, मध्येच लांबवून मग एकदम सोडून देणारा. कुणीतरी म्हातारी तिला विचारत होती, "काय वं, तुना नवरा तुनासंगे काही बोलत नही का?"

"बोलस ना," ती म्हणाली. "रोज इचारस, जेवाले काय शे."

"आन तू काय बोलस?"

"मी आते सरकारी कचेरी शे, अक्का. जेवढं इचारतस तेवढंच सांगस. बाकीनं पाहिजे व्हई त अर्ज करा."

आत हशा पिकला. सासऱ्यांचा आवाजही त्यात होता. आणि मला सांगायला लाज वाटते, पण मीही हसलो. खिडकीबाहेर उभा राहून मी त्या बायकांबरोबर हसलो, आणि हसता हसताच माझ्या लक्षात आलं की हे माझ्याबद्दल आहे. वाटलं, तसंच मागे फिरावं, स्टँडवर जावं. पण मुलीने मला पाहिलं आणि ती "बाबा!" म्हणून ओरडत बाहेर आली.

मी आत गेलो. बायका पदर सावरून बसल्या. ती उठली, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि म्हणाली, "पाणी देऊ?"

अहिराणी गेली होती. आवाजही गेला होता. मी सासऱ्यांकडे पाहिलं. ते खाटेवर पाय पसरून पडले होते. त्यांनी माझ्यावरची नजर काढून छताकडे वळवली. ते मला काही बोलले असते तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं जळगावला परतलो. मुलगी खिडकीशी बसून झोपून गेली. एरंडोल सोडल्यावर मी म्हणालो, "काल मी बाहेर उभा होतो. ऐकलं मी."

"माहिती आहे," ती म्हणाली. "तुमची चप्पल दिसली होती उघड्या दारातून."

"म्हणजे मी आहे हे माहीत असूनही बोललीस?"

"नाही. नंतर दिसली."

मग मी विचारलं, "घरी का नाही बोलत तशी?"

ती माझ्याकडे वळली. "तुम्हीच सांगितलं होतं ना?"

"रागात म्हणालो होतो. तू ते एवढं धरून बसलीस?"

"मला वाटलं होतं, महिन्याभरात तुम्ही म्हणाल, पुरे आता, बोल. मग वाटलं, वर्षभरात म्हणाल. मी वाट बघितली. पण तुम्हाला बरं वाटत होतं. मला दिसत होतं, तुम्हाला बरं वाटत होतं."

हे खोटं नव्हतं. मी खिडकीबाहेर बघायला लागलो. केळीच्या बागा मागे जात होत्या. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "आणि एक सांगते. त्या दिवशी भाऊंना मी हसवायला बोलले नव्हते. लागावं म्हणूनच बोलले. आबांना कळल्यावर ते माझ्यावर चिडले होते. माफी मागायला मी त्याचसाठी आले होते, तुमच्यासाठी नाही. पण पोरीसाठी कुणीतरी बोलायला पाहिजे होतं. तुम्ही दोनदा 'बघतो' म्हणालात."

मी म्हणालो, "माझं चुकलं." बसमध्ये, शेजारच्या सीटवरच्या माणसाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणालो. तिने मान हलवली. मला वाटलं होतं, या दोन शब्दांनी काहीतरी मोकळं होईल. तिने मुलीचं डोकं आपल्या मांडीवर नीट घेतलं आणि डोळे मिटले.

त्यानंतर मी वरणगावला गेलो. भावाचे केस पांढरे झाले होते. मी त्याला सगळं सांगितलं, धुळ्याची खिडकीसुद्धा. आयुष्यात पहिल्यांदाच मी त्याच्यासमोर एवढं सलग बोललो असेन. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मी चौथीत होतो. वर्गात उभा राहून धडा वाचत होतो. आपल्या बोलीत एक शब्द उच्चारला तर मास्तर हसले. मास्तर हसले म्हणून सगळा वर्ग हसला. मग रोजच हसायला लागले. मी नुसता उभा राहिलो तरी. तेव्हा ठरवलं, पुन्हा कुणी आपल्यावर हसेल असं वागायचं नाही. त्या दिवशी तुझ्या घरात ते सगळे हसले ना, मला चौथीचा वर्ग दिसला."

"ते तुझ्यावर हसले नव्हते," मी म्हणालो.

"माझ्यावरच हसायला पाहिजे होतं. ती खरं बोलली होती." मग म्हणाला, "पोरगी माहेरी येते. हो, नाही, बरं. त्यापलीकडे माझ्याशी बोलत नाही. तिच्या आईशी बोलते, माझ्याशी नाही."

निघताना मी म्हणालो, "हे जे आत्ता बोललास, ते तिला येऊन सांग. एकदा."

"बघतो," तो म्हणाला.

तो आला, पण सांगायला नाही. नेहमीसारखा रविवारी आला, बसला, चहा घेतला. मी दर वेळी वाट बघायचो. एका रविवारी त्याने आमच्या मुलीला जवळ बोलावलं आणि विचारलं, "काय मग, सतराचा पाढा येतो का?" ती आठ वर्षांची होती. ती म्हणाली, "मला अर्धा येतो, मोठे बाबा. उरलेला अर्धा तुम्ही म्हणा, म्हणजे दोघंही पास."

स्वयंपाकघरातून तिच्या आईचा आवाज आला. इतका कडक आवाज मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "गप! मोठ्या माणसांशी असं बोलायचं नाही!"

मुलीचा चेहरा उतरला. भावाने माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. मी म्हणालो, "बोलू दे तिला." भाऊही घाईघाईने म्हणाला, "असू दे, असू दे, बरोबर बोलली ती," आणि त्याने स्वतःच पाढा सुरू केला. पण मुलगी त्यात आली नाही. ती आईच्या आवाजाच्या दिशेने बघत उभी राहिली. तो सतरा पंचेपर्यंत एकटाच म्हणत गेला आणि मग थांबला.

भाऊ गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. मला वाटत होतं की मी काहीतरी केलंय, भावाने काहीतरी केलंय, आणि तिला ते कळलं असेल. मी म्हणालो, "तिला कशाला दटावलंस? बोलू दे ना. तुझ्यासारखी होऊ दे."

ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "म्हणजे तुम्ही आज हो म्हणणार, आणि उद्या दुसऱ्याच्या घरी कुणी तिला गप्प बसवेल तेव्हा मी काय सांगू तिला? तिथं तुम्ही असणार आहात का 'बोलू दे' म्हणायला?"

मला नेहमीसारखंच काही सुचलं नाही. आणि याचं उत्तर मला दुसऱ्या दिवशीही सुचलं नाही, पुढच्या आठवड्यातही नाही. मुलगी आता कॉलेजात जाते. बाहेर बोलते, असं तिच्या मैत्रिणी सांगतात. घरात आम्हा तिघांत ती सगळ्यात जपून बोलते.

त्या दिवशी मात्र मी तिथेच उभा राहिलो. तिने भाकरी उचलून तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला आणि म्हणाली, "सरका जरा. ताटं घ्यायचीत."